मदत हवी आहे: ३ मार्चचे ग्रस्तोदित (चंद्र ग्रासलेल्या स्थितीतच उगवेल असे) चंद्रग्रहण रामटेकच्या गडावरून नीट दिसेल का?

नमस्कार. मंगळवार, ३ मार्च २०२६ रोजी होणारे चंद्रग्रहण रामटेकच्या गडावरून पाहावे, असा आमच्या घरी विचार चालू आहे. आम्ही नागपूरला राहतो. गडाच्या पूर्वेकडचे क्षितिज ज्यांनी संध्याकाळच्या वेळी प्रत्यक्ष पाहिले आहे, त्यांच्याकडून मार्गदर्शन हवे आहे.

खरी अडचण वेळेची आहे. भारतीय वेळेनुसार चंद्र दुपारी ३.२० वाजता प्रच्छायेत, म्हणजे पृथ्वीच्या दाट सावलीत, शिरू लागेल, खग्रास अवस्था (चंद्र पूर्ण झाकलेला) ४.३४ ते ५.३३ अशी असेल आणि ६.४७ ला मोक्ष होईल, म्हणजे चंद्र त्या सावलीतून पूर्ण बाहेर पडेल. रामटेकला चंद्रोदय मात्र ६.१८ च्या सुमारास आहे. म्हणजे चंद्र ग्रासलेलाच उगवेल, पण खग्रास अवस्था तोवर केव्हाच संपलेली असेल आणि आपल्या वाट्याला शेवटचा जेमतेम अर्धा तास येईल. मुंबईत चंद्र पावणेसातच्या आसपास उगवत असल्यामुळे तिथे पाहण्यासारखे जवळजवळ काहीच उरत नाही, त्या मानाने विदर्भाची स्थिती पुष्कळ बरी म्हणायची. खग्रास अवस्था पाहायची तर आसाम किंवा अरुणाचल गाठावे लागेल आणि ते आम्हाला शक्य नाही.

अर्धाच तास हाती असल्यामुळे क्षितिज मोकळे असणे फार महत्त्वाचे ठरते. आपल्या अक्षांशावर उगवता चंद्र एक अंश वर चढायला सव्वाचार मिनिटांच्या आसपास वेळ घेतो. आपल्यापासून पावणेसहा किलोमीटरवर आपल्या पातळीपेक्षा शंभर मीटर उंच टेकडी आडवी आली, तर ती सुमारे एक अंश झाकते आणि तेवढी मिनिटे तिच्यामागेच जातात. चंद्र नेमक्या पूर्वेपासून सुमारे सात अंश उत्तरेकडे सरकून उगवेल. नकाशावर गडाच्या पूर्वेला खिंडसी तलाव दिसतो, पण तलावापलीकडच्या टेकड्या नजरेच्या रेषेत किती वर येतात, याचा अंदाज नकाशावरून येत नाही. गडावरून त्या दिशेचे छायाचित्र कोणाकडे असल्यास कृपया येथे द्यावे.

चंद्र उगवताना त्याचा सुमारे एक तृतीयांश भाग अजून सावलीत असेल आणि ती सावली वरच्या, किंचित डाव्या कडेला असेल, असे माझ्या आकडेमोडीतून दिसते. त्याच सुमारास सूर्य मावळत असल्यामुळे पूर्वेला पृथ्वीच्या सावलीचा करडा-निळा पट्टा आणि त्यावर फिकट गुलाबी झाक चढू लागते. पृथ्वीची सावली एकाच वेळी आपल्या हवेवर आणि चंद्रावरही पडलेली पाहायला मिळावी, यासाठीच माझा एवढा आटापिटा आहे. मात्र संधिप्रकाशात आणि क्षितिजालगतच्या धुळीत हे नुसत्या डोळ्यांनी कळेल का? आमच्याकडे १० x ५० ची द्विनेत्री (दोन डोळ्यांची दुर्बीण) आहे. पूर्वी ग्रस्तोदित चंद्र पाहिलेल्यांनी तेवढी पुरेल की नाही ते सांगावे. फाल्गुन पौर्णिमा असल्यामुळे होळ्यांचा धूर खाली साचून राहण्याचीही मला धास्ती वाटते.

याशिवाय, ग्रहणकाळात गडावरील मंदिर बंद असते का आणि तसे असल्यास निदान बाहेरच्या तटापर्यंत जाऊ देतात का, हे कळले तर बरे होईल. वडिलांना गुडघेदुखीचा त्रास असल्यामुळे वाहन लावल्यानंतर किती पायऱ्या चढाव्या लागतात, तेही कृपया कळवावे.

गड सोयीचा नसेल, तर खिंडसीच्या पश्चिम काठावर उभे राहावे की सरळ नवेगावबांधला जावे? नवेगावबांध बरेच पूर्वेला असल्यामुळे तिथे चंद्र दोन-तीन मिनिटे आधी उगवेल, पण तेवढ्यासाठी इतका लांबचा प्रवास करण्यापेक्षा जवळची सपाट जागा मिळालेली मला अधिक बरी वाटते. भंडारा मार्गावर पूर्वेकडे दूरवर मोकळी शेते असलेले एखादे ठिकाण माहीत असेल, तर तेही सुचवावे. जागा नक्की करण्यापूर्वी एका संध्याकाळी स्वतः जाऊन पाहून येण्याची माझी तयारी आहे.