केशवाहिनीत ऑक्सिजन ३० मिलिसेकंदांत समतोलाला येतोय, कुठे चुकतंय?

प्रश्न: फुप्फुसातल्या केशवाहिनीचं मॉडेल पायथनमध्ये लिहिलंय. दाब सगळे ऑक्सिजनचे, मिमी पाऱ्यात: वायुकोशात (फुप्फुसातल्या हवेच्या पिशवीत) १००, आत येणाऱ्या रक्तात ४०. विसरणक्षमता (दाबातल्या दर मिमी फरकामागे रक्तात शिरणारा ऑक्सिजन) मिनिटाला २१ मिली प्रति मिमी, केशवाहिन्यांतलं रक्त ७० मिली, विद्राव्यता १०० मिली रक्तामागे ०.००३ मिली प्रति मिमी. ऑयलर पद्धतीत (छोट्या पायऱ्यांनी समीकरण पुढे सरकवण्याच्या) १० मिलिसेकंदांची पायरी घेतली तर दाब १४०, ७३, ११८ अशा उड्या मारतो. १ मिलिसेकंद केली की उड्या थांबतात, पण ३० मिलिसेकंदांत काम आटोपतं. पुस्तकात पाव सेकंद दिलाय.

उत्तर १: हिमोग्लोबिन कुठाय? ०.००३ हा फक्त विरघळलेल्या ऑक्सिजनचा आकडा. त्यावरून कालांक (दाबातला फरक साधारण एकतृतीयांशावर यायला लागणारा वेळ) ७० × ०.००००३ ÷ ०.३५ = ६ मिलिसेकंद येतो (२१ ÷ ६० = ०.३५). पायरी त्याहून मोठी, म्हणून उड्या.

हिमोग्लोबिन १०० मिली रक्तामागे १५ ग्रॅम धरा. ४० दाबाला हिमोग्लोबिनच्या वक्राचा (दाबाप्रमाणे त्याने धरलेल्या ऑक्सिजनचा) चढ विरघळलेल्याच्या जवळजवळ नव्वदपट, १०० ला जेमतेम साडेचारपट. त्यामुळे सरासरी चढ घालून भागत नाही. दाब नको, ऑक्सिजनचं प्रमाणच पुढे सरकवा (C हे प्रमाण, १०० मिली रक्तामागे मिली; P रक्तातला दाब; S हिमोग्लोबिनचा ऑक्सिजनने भरलेला अंश; २०.१ हे तो पूर्ण भरल्यावरचं प्रमाण):

dC/dt = ०.५ × (१०० − P)
C = २०.१ × S + ०.००३ × P
S = १ ÷ (१ + २३४०० ÷ (P³ + १५०P))

शेवटचं सूत्र सेव्हरिंगहाउसचं, १९७९ चं. C वरून P काढायला ० ते १५० चा तक्ता आधीच करून ठेवा, दर पायरीला न्यूटनची पद्धत (पुनःपुन्हा अंदाज सुधारत उत्तर काढण्याची) फिरवू नका. ९५ ला पोचायला साधारण ०.२७ सेकंद लागतील. रक्तप्रवाह सेकंदाला ८३ मिली धरला तर रक्त आत असतं ७० ÷ ८३ = ०.८४ सेकंद.

प्रश्नकर्ता: ०.२७ च आलं, आभार! पण धमनीत बरोब्बर १०० येतंय, प्रत्यक्षात ९०-९५ असतं.

उत्तर २: एकच वायुकोश धरलाय म्हणून. शंट (हवेला न भेटताच पुढे जाणारं रक्त) आणि हवा-रक्ताच्या प्रमाणातली विषमता घाला. मात्र मिसळताना दाबांची सरासरी काढू नका, हमखास होणारी चूक आहे ती. समान रक्तप्रवाहाचे दोन कप्पे, दाब १२० आणि ५०: दाबांची सरासरी ८५, पण C ची सरासरी काढून उलट वाचलं तर ६४ च्या आसपास. वक्राचा वरचा भाग सपाट असल्यामुळे चांगला कप्पा वाईटाची भरपाई करू शकत नाही.

उत्तर ३: आणि १०० हा आकडा ७६० वातदाबाचा, म्हणजे मुंबईचा. पुण्यात ७१० धरून ०.२१ × (७१० − ४७) − ४० ÷ ०.८ ≈ ८९ (०.२१ हवेतला ऑक्सिजनचा अंश, ४७ बाष्पाचा दाब, ४० कार्बन डायऑक्साइडचा दाब, ०.८ बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड भागिले आत घेतलेला ऑक्सिजन).