मंगलोरी कौले काढून पुन्हा नळे घालावेत का?

चिरेबंदी: रत्नागिरीकडचे चिऱ्याचे घर आहे. पुढे पडवी, मग ओटी, माजघर. उतरवलेल्या कौलांवर बासेल मिशनचा शिक्का आणि १८६५ हे साल आहे. घर तेव्हाचेच समजायचे का? शिवाय ‘मूळ कोकणी’ रूपासाठी नळे, म्हणजे जुनी अर्धगोल देशी कौले, घालावीत असा घरात आग्रह आहे. वासे तेच ठेवून जमेल?

आढे: ते साल घराचे नाही, कौलाचेही नाही. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट या जर्मन मिशनऱ्याने १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढला, त्याचे ते साल. पुढेही साच्यात तेच राहिले. शिक्क्यावरून एवढेच कळते की कौल साधारण पहिल्या महायुद्धाच्या आधीचे. नंतर मिशनची मालमत्ता जप्त होऊन कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्ट या ब्रिटिश कंपनीकडे गेले आणि शिक्का बदलला. खाचेत खाच बसणारे हे कौल मुळात फ्रान्समधल्या आल्सासचे. गिलार्दोनी बंधूंनी ते १८४१ मध्ये काढले.

परदेशी आले ते छप्पर. पडवी-ओटी-माजघर हा आराखडा इथलाच. गोव्यातला बाल्कांव, म्हणजे दारापुढचा बसायचा ओटा, मात्र घराची ठेवणच बदलतो, तिथे पोर्तुगीज प्रभाव जास्त खोल आहे.

वासा_रीप: वासे तेच ठेवून नळे नकोत. मंगलोरी कौल चौरस मीटरला साधारण १५ लागतात आणि एकेका रिपेला (वाशांवरच्या आडव्या पट्टीला) अडकतात, म्हणून वासे लांब लांब टाकलेले असतात. नळे उताणे-पालथे असे दुहेरी पडतात. वजन वाढते, पावसात भिजून आणखी वाढते, आणि वासे झोल खातात. नळ्याला अडकायला खुंटी नसते, त्यामुळे जास्त उतारावर तो घसरतो. दरवर्षी पावसाआधी परतावे, म्हणजे काढून पुन्हा रचावे, लागतात ते वेगळेच.

चिरेबंदी: मग मंगलोरीच ठेवू. जुनी कमी पडतील, नवी मिसळली तर?

वासा_रीप: एका पाखीत (छपराच्या एका उतारात) मिसळू नका. साच्यागणिक खाच थोडी वेगळी असते, फट राहते आणि वाऱ्याचा पाऊस आत येतो. जुनी सगळी पुढच्या पाखीला, नवी मागे.

रिपेचे अंतर ठरीव १२-१३ इंच धरून सुतार ठोकत सुटतात, तिथेच घोळ होतो. आपलीच १२ कौले जमिनीवर ओळीने जोडा, एकदा पूर्ण ताणून आणि एकदा दाबून मोजा, दोन्हींच्या सरासरीवरून एका कौलाचे अंतर काढून रिपा मारा. वळचणीची (छपराच्या खालच्या कडेची) रीप इतरांपेक्षा कौलाच्या जाडीइतकी उंच हवी. शेवटच्या कौलाखाली दुसरे कौल नसते, ते तोंडघशी पडते. खालच्या दोन ओळी तांब्याच्या तारेने रिपेला बांधा.

आढे: उतार ३० अंशांच्या आसपास ठेवा. आणि आढ्यावर, म्हणजे दोन पाख्या मिळतात त्या माथ्यावर, निव्वळ सिमेंट थापू नका. लाकूड पावसात फुगते, सिमेंटला तडा जातो आणि त्या तड्यातून पाणी थेट आढ्याच्या लाकडावर उतरते. चुन्याचा मसाला लावा, तोही कौलाच्या कडेबाहेर न आणता.