एक देश, एक निवडणूक: आम्हाला पाच वर्षांतून एकदाच विचारणार का?

नीरा उजवा (लोणंद)

आधीच सांगतो, मी कुठल्या पक्षाचा नाही. 2014 ला एकाला मत दिलं, 2019 ला दुसऱ्याला, आणि 2024 ला कुणाला दिलं ते घरातसुद्धा सांगितलेलं नाही. त्यामुळे "तुमचे साहेब", "तुमचे मोदी" असं करत कुणी येऊ नका.

लोकसभा आणि सगळ्या विधानसभा एकत्र घ्यायच्या यासाठी 17 डिसेंबर 2024 ला 129 वं घटनादुरुस्ती विधेयक मांडलं गेलं. मांडायला परवानगी द्यायची का यावरच मतदान झालं, 269 विरुद्ध 198. मग ते संसदेच्या संयुक्त समितीकडे गेलं. त्याआधी माजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या समितीनं अठरा हजारांवर पानांचा अहवाल दिला होता. कारणं तीच, आपण ऐकत आलोय ती: खर्च वाचेल, आचारसंहितेत कामं अडणार नाहीत, सरकार निवांत काम करेल.

मला नेमकं ते निवांत काम करणंच नको आहे.

कांद्याचंच बघा. डिसेंबर 2023 मध्ये एकाच आठवड्यात केंद्रानं दोन गोष्टी केल्या. कांद्याची निर्यात बंद आणि उसाच्या रसापासून इथेनॉल बंद. लोणंदच्या बाजारात भाव कसे पडले ते ज्यांनी गाडी लावली त्यांना विचारा. नंतर सातारा, सांगली, माढ्याचं मतदान 7 मे 2024 ला होतं आणि निर्यातबंदी उठली 4 मे ला. तीन दिवस आधी! तीही अर्धीच उठली, टनाला 550 डॉलरचं किमान निर्यात मूल्य आणि 40 टक्के शुल्क ठेवून. लोकसभेला महाराष्ट्रानं 48 पैकी 30 जागा आघाडीला दिल्या. मग विधानसभा तोंडावर आली. 29 ऑगस्टला इथेनॉलची बंधनं गेली. 13 सप्टेंबरला किमान मूल्य गेलं, शुल्क 40 वरून 20 वर आलं. त्याच सुमारास बाहेरच्या खाद्यतेलावर शुल्क वाढवलं, सोयाबीनवाल्यांसाठी.

आता समजा लोकसभा आणि विधानसभा दोन्ही 7 मे ला उरकल्या असत्या, तर सप्टेंबरचं काय कारण होतं? आम्ही अर्ज करायचे, मोर्चे काढायचे आणि 2029 ची वाट बघायची. सामान्य शेतकऱ्याकडं लॉबी नसते, दिल्लीत ऑफिस नसतं. सरकारला अधूनमधून आमच्या दारात यावं लागतं, तेवढाच काय तो आमचा वचक. तो काढून घेऊ नका एवढंच माझं म्हणणं आहे. माझा मुद्दा खुशाल तोडा.

तासगाव द्राक्ष

तोडतो की. दादा, बंदी उठली ती निवडणुकीमुळं हे तुम्ही सांगितलं. बंदी आली कशामुळं ते सांगायचं विसरलात? 40 टक्के शुल्क लागलं ऑगस्ट 2023 मध्ये. नोव्हेंबरला मध्य प्रदेश, राजस्थान, छत्तीसगड, तेलंगणा. पुढं सहा महिन्यांत लोकसभा. शहरातल्या बाईला कांदा महाग लागू नये म्हणून तुमचा भाव पाडला. म्हणजे ज्या वचकाचं कौतुक करताय त्यानंच तुम्हाला मारलं आणि मग त्यानंच मलम लावलं. सतत निवडणुका नसत्या तर ना बंदी, ना बंदी उठवण्याचा तमाशा.

आणि निर्यातीत एकदा गेलेलं गिऱ्हाईक तारीख बघून परत येत नाही. दुबईचा व्यापारी पाकिस्तानचा कांदा घेऊन मोकळा होतो. आम्हाला धोरण पाच वर्षं एक पाहिजे, वाईट असलं तरी चालेल पण एक.

खटावकर

"वाईट असलं तरी चालेल" 😄 हे निर्यातदार बोलतोय, शेतकरी नव्हे.

तासगाव द्राक्ष

चार एकर बाग आहे माझी. छाटणीला या, मग ठरवा.

मास्तरीण (मिरज)

तुम्ही सगळे सरकार किती वेळा दारात येतं ते मोजताय, तर निवडणुकीचं काम कोण करतं तेही बघा. बीएलओ (मतदान केंद्राच्या यादीचे अधिकारी) आम्ही, मतदार यादी आम्ही, घरोघरी चिठ्ठ्या आम्ही, मशीन ताब्यात घ्यायला पहाटे रांगेत आम्ही. 2024 ला मार्च ते जून एक आचारसंहिता, ऑक्टोबर-नोव्हेंबरला दुसरी. दोन्ही वेळा प्रशिक्षण, दोन्ही वेळा ड्यूटी, आणि चौथीच्या वर्गावर कोण? शेजारच्या बाई दोन वर्ग एकत्र करून बसवतात. खासगी शाळेतल्या पोराचा तास बुडत नाही, झेडपीच्या पोराचाच बुडतो. म्हणून मी एकत्र निवडणुकीच्या बाजूनं आहे, कुणाच्याही पक्षासाठी नाही.

नीरा उजवा (लोणंद)

ताई, तुमचं दुखणं खरं आहे, पण त्याला औषध वेगळं आहे. निवडणुकीला शिक्षकच का? दुसरी माणसं नेमा, पैसे द्या. वर्ग वाचवायला राज्यघटना बदलायची म्हणजे फार झालं.

मास्तरीण (मिरज)

"दुसरी माणसं नेमा" हे मी नोकरीला लागल्यापासून ऐकतेय. नेमली का कुणी?

पलूसचा बापू

मला एवढंच कळतंय, इलेक्शन आली की आमच्या वस्तीच्या रस्त्यावर खडी पडती. दर सहा महिन्यानं ठेवा म्हणावं, डांबर वाळायच्या आत दुसरा थर. 🙏

अजिंक्यतारा

मुद्द्याचं बोलतो. नीरा उजवा यांनी लिहिलं नाही, पण या वादात हमखास एक आकडा येतो. आयडीएफसी इन्स्टिट्यूटचा अभ्यास सांगतो की एकत्र निवडणूक असली तर मतदार दोन्हीकडं एकाच पक्षाला मत देण्याची शक्यता 77 टक्के. म्हणजे आपण मेंढरं, एक बटण दिसलं की दुसरं तेच.

साताऱ्याचंच उदाहरण घ्या की. 21 ऑक्टोबर 2019. उदयनराजेंनी राष्ट्रवादी सोडून भाजपमध्ये जाताना राजीनामा दिल्यानं लोकसभेची पोटनिवडणूक विधानसभेच्याच दिवशी झाली. त्याच खोलीत दोन मशीन. लोकसभेला राष्ट्रवादीचे श्रीनिवास पाटील सुमारे 87 हजारांनी आले. आणि त्याच मतदारांनी सहा विधानसभांत काय केलं? वाई आणि कराड उत्तर राष्ट्रवादी, कराड दक्षिण काँग्रेस, कोरेगाव आणि पाटण शिवसेना, सातारा शहरात भाजपचे शिवेंद्रराजे. तीन-तीन. राजघराण्यातले दोघे एकाच पक्षात, एकाच दिवशी मशीनवर, सातारकरांनी एकाला निवडलं, एकाला घरी बसवलं. ओडिशातही 2019 ला विधानसभा बिजू जनता दलाला भरभरून, पण लोकसभेच्या 21 पैकी 8 भाजपला. मतदाराला कळतं हो. त्याला लहान मूल समजून त्याच्यासाठी कॅलेंडर आखू नका.

खटावकर

मतदाराला सगळं कळतं? 2024 ला त्याच साताऱ्यात शरद पवार गटाचं "तुतारी वाजवणारा माणूस" आणि "पिपाणी" अशी दोन चिन्हं होती. पिपाणीला 37 हजार मतं पडली आणि उदयनराजेंचं लीड होतं 32,771. एका मशीनवर ही गत. शेजारी दुसरं मशीन ठेवलं की बघा मजा.

अजिंक्यतारा

ती चूक निवडणूक आयोगाची, मतदाराची नव्हे. नंतर तो घोळ पुढं आलाच.

नीरा उजवा (लोणंद)

2019 चं उदाहरण चांगलं आहे, पण त्या दिवशी वारं वेगळं होतं. निवडून येऊन पाच महिन्यांच्या आत पक्ष बदलून परत मत मागायला आलेत याचा राग होता, त्यात 18 तारखेची शरद पवारांची पावसातली सभा. अशी पोटनिवडणूक शंभरात एक. एरवी लोकसभेच्या प्रचारात पुलवामा, 370, राम मंदिर यांचा गाजावाजा असताना टेंभू उपसा सिंचन योजनेच्या पाण्याबद्दल कोण विचारणार?

आणि विधेयकातला दुसरा भाग कुणी वाचलाय का? विधानसभा मध्येच बरखास्त झाली तर नवी विधानसभा पाच वर्षांची नाही, उरलेल्या काळापुरतीच. तीन वर्षांनी सरकार पडलं तर पुढचे आमदार दोन वर्षांसाठी. मग निवडणुकीला जाईल कोण? त्यापेक्षा गट फोडून सरकार बनवतील. 2022 आणि 2023 ला आपण ते बघितलंय. पक्षांतरबंदी 1985 पासून आहे, 2003 ला एक तृतीयांश फुटीची पळवाटही बंद केली, तरी पूर्ण पक्षच्या पक्ष चिन्हासकट इकडचे तिकडे झाले. ते दुरुस्त करायचं सोडून तारखा जुळवताय.

तासगाव द्राक्ष

टेंभूचं नाव काढलंत ते बरं केलं. टेंभू योजना 1996 ला मंजूर झाली. आटपाडी, तासगाव, सांगोल्याच्या कोपऱ्यात पाणी पोचायला पिढी गेली. त्या सगळ्या काळात निवडणुका वेगवेगळ्याच होत होत्या ना? मग तुमचा वचक कुठं होता?

नीरा उजवा (लोणंद)

आणि आचारसंहितेनं कामं अडतात म्हणणाऱ्यांनी हेच उत्तर वाचावं. पंचवीस-तीस वर्षं काम रखडायला दोन-तीन महिन्यांची आचारसंहिता पुरत नाही. चालू काम तर तिच्यात थांबतही नाही, नवी घोषणा थांबते.

मास्तरीण (मिरज)

मी परत येते, कारण पुरुषमंडळींनी एक गोष्ट नजरेआड केली. लोकसभा-विधानसभेच्या तारखांवर एवढी चर्चा. जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 ला संपली. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची ऑगस्ट 2023 ला. त्यानंतर वर्षानुवर्षं प्रशासक होता. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, कोर्ट, असं करत करत मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की चार महिन्यांत निवडणुका घ्या, तेही चार महिन्यांत झालं नाहीच. या संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या. म्हणजे सगळ्यात जास्त घरी कोण बसलं? आमच्या ओळखीच्या एक सदस्य अंगणवाडीच्या इमारतीसाठी भांडायच्या. मुदत संपल्यावर त्या प्रशासकाच्या केबिनबाहेर बाकावर.

संसदेतलं महिला आरक्षण तर आणखी पुढं. सप्टेंबर 2023 ला 106 वी घटनादुरुस्ती झाली, पेढे वाटले. अट काय, तर जनगणना, मग मतदारसंघांची फेररचना, मग आरक्षण. जनगणनेचा संदर्भ दिवस 1 मार्च 2027. पुढचं तुम्ही मोजा. नीरा उजवा, तुम्ही म्हणता निवडणूक वारंवार हवी. तासगाव म्हणतात एकदाच हवी. कायद्यात तारीख असलेली निवडणूकसुद्धा वेळेवर होत नाही, त्यावर दोघंही गप्प.

पलूसचा बापू

ताई लय बेस. झेडपीची इलेक्शन नव्हती तवा आमची खडीबी बंद हुती.

अजिंक्यतारा

पण ताई, तुमच्याच मुद्द्यावरून एकत्र निवडणुकीचा मुद्दा बळकट होतो. कोविंद समितीनं शिफारस केली होती की स्थानिक संस्थांच्या निवडणुकाही शंभर दिवसांत घ्याव्यात. तारीख बांधली असती तर तीन वर्षं प्रशासक ठेवता आला नसता.

मास्तरीण (मिरज)

विधेयकात ते घेतलं का?

अजिंक्यतारा

नाही. या विधेयकात नाही.

खटावकर

संपला विषय.

तासगाव द्राक्ष

संपला कसा? खर्चावर कुणी बोललंच नाही. सेंटर फॉर मीडिया स्टडीजनं 2019 च्या निवडणुकीचा खर्च 55 ते 60 हजार कोटी धरला होता. आणि लोकसभेनंतर विधानसभा आली की तिजोरी उघडतेच. जून 2024 च्या अर्थसंकल्पात लाडकी बहीण, दीड हजार रुपये, नोव्हेंबरला मतदान, 288 पैकी 230 जागा. 2100 चं आश्वासन होतं ते कुठं आहे? याला तुम्ही वचक म्हणता, मी याला कर्ज म्हणतो. माझ्या पोरानं फेडायचं.

नीरा उजवा (लोणंद)

साठ हजार कोटींतला मोठा वाटा पक्षांचा आणि उमेदवारांचा आहे, सरकारचा नाही. तो वाचवून कुणाच्या खिशात जाणार? लाडक्या बहिणीबद्दल माझ्या बायकोशी बोला, मी मधे पडणार नाही.

तुमचा पहिला प्रश्न राहिलाय, त्याचं उत्तर देतो. ऑगस्ट 2023 चं शुल्क शहरातल्या ग्राहकासाठी लागलं, मान्य. देशात कांदा खाणारे किती आणि पिकवणारे किती? निवडणूक देशभर एकाच वेळी आली की आमचं वजन नेहमी कमी भरणार. महाराष्ट्राची विधानसभा वेगळी असते तेव्हाच पिकवणाऱ्याला किंमत येते. 13 सप्टेंबर 2024 लाच बघा, त्या एकाच दिवशी कांद्याबरोबर बासमतीचंही 950 डॉलरचं किमान मूल्य काढलं. ऑक्टोबरला हरियाणा होतं आणि नोव्हेंबरला आपण. सगळ्या देशाबरोबर मतदान असतं तर बासमती आणि लोणंदचा कांदा दोन्ही रांगेत मागं उभे राहिले असते.

तासगाव द्राक्ष

आणि उरलेलं 20 टक्के शुल्क 1 एप्रिल 2025 ला काढलं, तेव्हा कुठली निवडणूक होती?

नीरा उजवा (लोणंद)

नव्हती. म्हणून तर सहा महिने जास्त लागले, आणि खरिपाचा कांदा तोवर विकून झाला होता.

तासगाव द्राक्ष

बासमतीचं जोडलंत ते चांगलं आहे, त्यावर माझ्याकडं लगेच उत्तर नाही. पण तुमचं सगळं गणित केंद्र ज्याला हात लावू शकतं त्या पिकाचं आहे. आमच्या द्राक्षाचं मोठं गिऱ्हाईक बांगलादेश. तिथल्या सरकारनं आयात शुल्क चढवलं, तेव्हा तासगाव, पलूस, मिरजेच्या बागायतदारांनी कुणाला मत द्यायचं? माल अंगावर येतो, मग बेदाणा करायचा, आणि त्याचा सौदाही व्यापारी म्हणेल त्या दरानं. तुम्ही वर्षाला दोन निवडणुका घ्या किंवा दहा वर्षांनी एक, ढाक्याला फरक पडत नाही.