मदत हवी आहे: टेरिकॉट, जीन्स, टी-शर्ट असल्या जुन्या कपड्यांची गोधडी कशी शिवायची?

नमस्कार मंडळी, मी गोव्यातल्या डिचोलीची. गोधडी शिवणाऱ्यांची मदत हवीय आणि जरा लवकर हवीय, कारण मे संपत आला. एकदा पाऊस लागला की धुतलेलं कापड दिवसचे दिवस दांडीवर लोंबत राहतं आणि मग त्याला जो कुबट वास धरतो तो काही केल्या जात नाही.

तर विषय असा की चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, आमच्या मूळ घरी सगळे जमतात, मुंबईचे, पुण्याचे, वास्कोचे, आणि रात्री हॉलमध्ये चटया घातल्या की पांघरुणं कमी पडतात. दुकानातली फुगीर कम्फर्टर आणून बघितली, पण आपल्याकडच्या दमट हवेत त्यात नुसता घाम येतो, कपाटात जागा खातात आणि पावसाळ्यात धुवायची तर सोयच नाही. आजीच्या हातच्या गोधड्या मात्र अजून वापरात आहेत, पातळ, अंगाला चिकटत नाहीत, उन्हात टाकली की संध्याकाळपर्यंत खडखडीत वाळते. मला तशाच करायच्यात, शोकेसला नाही, रोज वापरायला आणि धुवायला. म्हणून वाड्यावर सांगितलं की टाकायचे कपडे मला द्या, तर लोकांनी पोती भरून आणून दिली!

आता अडचण. आजीची एक गोधडी काठाजवळ थोडी उसवलीय तिथून आत बघितलं तर आत आजोबांचं धोतर, त्याखाली लुगड्याचे तुकडे, सगळं सुती, धुऊन धुऊन लोण्यासारखं झालेलं. टाके पण इतके जवळजवळ की कुठेही चिमटीत धरा, बोटाखाली दोरा लागतोच, म्हणून तर आतलं कापड विरलं तरी गोळा झालं नाही. आणि माझ्या पोत्यांत सुती साडी म्हणजे शोधून काढावी लागते. टेरिकॉटच्या पँटी, शाळेचे युनिफॉर्म, लेगिंग, टी-शर्ट, जीन्स आणि जॉर्जेटच्या साड्यांचा तर ढीगच. घरात टाकायला निघणारे कपडेच बदललेत, मग शिवायची पद्धत जुनीच कशी चालेल? मला खरं हेच विचारायचंय.

कापड ओळखायला मी काठाचे दोन धागे काढून स्टीलच्या ताटलीत जाळून बघते. कागद जळल्यासारखा वास आणि बोटाने चुरली जाणारी मऊ राख म्हणजे सुती, आणि आक्रसून कडक काळी गोळी झाली की पॉलिएस्टर. टेरिकॉटमध्ये दोन्ही असतं त्यामुळे तिथे ते दोन्ही दिसतं. एवढं वेगळं करून ठेवलंय, पुढे काय करू ते सांगा. सुती आणि पॉलिएस्टर एका गोधडीत चालतं का? लाल, मरून कपड्यांचा रंग बाकीच्यांना लागू नये म्हणून मीठ घालून भिजवतात ते खरं का? टी-शर्ट शिवताना ताणतो त्याचं काय करायचं? आणि घरी साधं पायाचं मशीन आहे, त्यावर जीन्स शिवता येईल का?

अजून एक, आणि हा प्रश्न माझ्या जवळचा आहे. एका आजींनी त्यांच्या सासूचं कुणबी कापड, म्हणजे कुणबी बायकांची साडी, दिलंय, तांबडं, चौकटीचं, चांगलं जाड. खांद्यावर गाठ मारून नेसायचं तेच. आजी म्हणाल्या काप आणि काहीतरी कर, पण माझा कात्री लावायला हातच होत नाही. काय करू?

प्रतिसाद, सुईदोरा (फोंडा):
बाय, आधी सगळं धुऊन वाळवून घे, शिवायचं नंतर बघ, ते पावसात बसून पण होतं. सुती आणि पॉलिएस्टर एकत्र चालतं, फक्त जागा ठरवून घाल. अंगाला लागणारी बाजू सुतीच हवी कारण घाम तीच टिपते. जॉर्जेटची साडी आतल्या थराला घाल, ती पाणी धरत नाही त्यामुळे हलकी होते आणि लवकर वाळते. पण जॉर्जेट सरकते हां, म्हणून आधी वीतवीत अंतरावर कच्चे टाके घालून तिन्ही थर धरून घे, मग धावदोरा. दोरा सुतीच घे. जुन्या कापडापेक्षा दोरा मजबूत झाला की दोरा राहतो आणि कापड फाटतं.

माप सांगते. साडेपाच मीटरची साडी म्हणजे साधारण २१६ इंच आणि पन्हा ४५ च्या आसपास. त्यातून ९० इंचाचे दोन तुकडे निघतात. एक तुकडा अख्खा आणि दुसऱ्यातली १५ इंचाची पट्टी जोडलीस की ६० बाय ९० ची एक बाजू झाली, शिवणीत जाईल तेवढं जाईल. म्हणजे एका साडीत एक बाजू निघून वर पट्ट्या उरतात, त्याच गोटाला वापर.

मीठ आणि व्हिनेगरच्या नादाला लागू नको, हल्लीच्या तयार कपड्यांच्या रंगावर त्याने काही होत नाही. पांढरं फडकं ओलं करून कापडावर दाबून घास, रंग उतरला तर ते कापड पाणी स्वच्छ येईपर्यंत वेगळं धू, आणि तरी उतरत राहिलं तर गोधडीत घालूच नको. टी-शर्ट पण गोधडीत नको. आडव्या पट्ट्या काप आणि ओढ, कडा आपोआप वळून दोरीसारख्या होतात, त्याची वेणी घालून गोल गोल शिवत गेलं की पायपुसणं. पॉलिएस्टरचं भांडी धरायचं फडकं मात्र करू नको, गरम टोपाला लागून वितळलं तर हात भाजेल.

प्रतिसाद, दांडेलीकर:
ताई, जीन्सचा बाजाराच्या पिशव्यांना उपयोग करा, गोधडीत घातली तर ओझं होतं आणि पावसात वाळता वाळत नाही. पायाच्या मशीनवर होते, सुई १६ किंवा १८ नंबरची लावा, जाड शिवण आली की ती आधी हातोडीने ठोकून चपटी करा आणि तिथे पायडल न मारता चाक हाताने फिरवा.

तुमचा पद्धतीचा प्रश्न वाचून आमच्या भागातली कवंदी, म्हणजे तुकड्यांची गोधडी, आठवली. कर्नाटकातल्या यल्लापूर, हल्याळ, मुंडगोडकडच्या सिद्दी बायका शिवतात. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलेली आणि तिथून जंगलात पळून आलेली माणसं, बरेचसे सिद्दी त्यांचेच वंशज. म्हणजे कला तुमच्याही शेजारची आहे. त्या आधी सगळे तुकडे जोडून मग शिवत नाहीत. खाली जुनी साडी पसरतात, कडेपासून सुरुवात करतात, तुकडा ठेवायचा, कड आत दुमडायची, धावदोरा घालायचा, पुढचा तुकडा ठेवायचा, असं फिरत फिरत मध्यापर्यंत. त्यामुळे कुठल्याही आकाराचे, लहानमोठे तुकडे चालतात. युनिफॉर्मचे, शर्टाचे तुमचे जे बारके तुकडे आहेत त्यांना हीच पद्धत बरी. शेवटी चारही कोपऱ्यांवर दुमडलेल्या चौकोनांची 'फुला' लावतात, त्याशिवाय कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत.

सुईदोरा:
कुणबी कापडाचं राहिलं. उजेडासमोर धरून बघ, कुठे विरलंय का. विरलं नसेल तर ते नेसायचंच आहे, धुऊन घडी करून आजींनाच दाखव, त्यांच्या घरात कोणीतरी नेसेल. विरलं असेल तरी कापू नको, अख्खं गोधडीच्या वरच्या बाजूला घाल आणि चौकटींच्या रेघांवरूनच टाके घे, आखायला नको आणि नक्षी पण मोडत नाही. पण तांबडं आहे, पांढऱ्या फडक्याची परीक्षा आधी.

धागाकर्ती (मूळ प्रश्न विचारणारी, डिचोली):
सुईदोराताई, दांडेलीकर, खूप आभार, जॉर्जेट आत घालायचं मला सुचलंच नव्हतं आणि त्याने माझी अर्धी पोती मार्गी लागतील. कापड उजेडासमोर धरलं, पदराकडे आणि बसायच्या जागी विरलंय, बाकी घट्ट आहे. आजींना विचारलं, त्या म्हणाल्या नेसणारं आता कोणी नाही, गोधडी कर आणि चवथीला पोरांना पांघरायला दे. तेव्हा ते अख्खंच वरच्या बाजूला जाणार. परीक्षेत फडक्याला थोडी गुलाबी छटा आली, वेगळं धुवायला घेतलंय. बारक्या तुकड्यांची एक कवंदी पण करणार. दांडेलीकर, ती कोपऱ्यातली फुला नक्की कशी दुमडतात? एकावर एक किती चौकोन असतात आणि टाका कुठून घालतात? तुमच्याकडे कोणी शिवत असेल तर हातांचा जवळून फोटो काढून टाकाल का, त्यांना विचारून?