डबा उलटा करून पाहिला का? (मोठ्या मापाचे मालडबे आणि त्यांची किंमत)

गच्चीवरचा गार्ड

मागच्या रविवारी नागपुरात धरमपेठेत मित्राकडे चौघं जमलो होतो. तर्री-पोहे झाले, चहा झाला आणि ओट्यावर आपल्या छंदातल्या छोट्या प्रतिकृती-रेल्वेचे दोन मालडबे आले. दोन्ही ४५ मिलिमीटर रुळावर चालणारे, म्हणजे आपण सरसकट 'जी' माप म्हणतो ते. एक नवा कोरा, चिनी बनावटीचा, २,८०० रुपयांचा. दुसरा जुना जर्मन, परदेशातून परतलेल्या एका गृहस्थांकडून साडेसात हजारांना घेतलेला. रंग विटलेला, पायरीचा एक कोपरा तुटलेला. कोणता चांगला, असं विचारल्यावर तिघांनी नव्याकडे बोट दाखवलं. साहजिकच आहे. दारं सरकतात, अक्षरं सुबक आहेत, छताच्या पत्र्याचे जोडसुद्धा दिसतात.

मी दोन्ही उलटे केले.

नव्याची चाकं प्लास्टिकची. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथली बारीक शीर चाकाच्या धावेवर तशीच राहिलेली, नख फिरवलं की लागते. आस प्लास्टिकच्या भोकात नुसता खुपसलेला, आणि भोक इतकं सैल की चाक डुलतं. जुन्याची चाकं धातूची. टिचकी मारली तर बराच वेळ फिरत राहिली. मग दोन्ही डबे ओट्यावर ठेवून सारख्याच जोराने ढकलले. नवा वीतभर जाऊन थांबला. जुना थेट टोकाला गेला, वहिनींनी झेलला म्हणून वाचला.

माझं म्हणणं एवढंच की पैसा डब्याच्या पोटाखाली असतो आणि आपण पाठ बघून देतो. एका डब्याला फरक कळत नाही. दहा जोडले की इंजिन कण्हायला लागतं, त्याचे दाते झिजले की स्वस्ताई तिथे वसूल होते. शिवाय प्लास्टिकची चाकं रुळावर काळा थर सोडतात, तो पुसत बसा. तीन स्वस्त डब्यांऐवजी एक धड डबा घ्यावा. मारा आता दगड.

बर्डीकर

पहिला दगड माझा.

साडेसात हजारांत दर्जा किती आणि वाटखर्च किती, ते आधी सांगा. २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं सीमाशुल्क २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०, आणि आपला छंद सरकारदरबारी खेळण्यातच जमा. वर वाहतूक. तिकडे ज्याला मधल्या दर्जाचा म्हणतात तो डबा बर्डीपर्यंत पोचेतो महाग होतो, चाक मात्र तेच राहतं. (तुमचा डबा वापरलेला, त्यावर शुल्क कुणी भरलं की नाही देव जाणे. पण विकणारा नव्याचा भाव डोळ्यांसमोर ठेवूनच आकडा सांगतो.) किमतीवरून दर्जा ओळखायची सोय आपल्याला नाही.

मी स्वस्त डबा घेतो आणि चाकं बदलतो. दोन आसांची तयार धातूची चाकं मला १,६०० ला पडली. म्हणजे डबा झाला ४,४०० चा. तुमच्यापेक्षा तीन हजारांनी कमी, आणि पायरी शाबूत.

खरादवाला

बर्डीकर भाऊ, १,६०० काहून दिले? मी हिंगण्याच्या एमआयडीसीत लेथवर आठ चाकं काढून घेतली, चहापाण्यासकट सातशे रुपयांत. लय झकास निघाली, आरशासारखी. रुळावर डबा ठेवला अन् ट्रान्सफॉर्मर गप. उचलला की चालू, ठेवला की गप. अर्धा तास मी वायरच तपासून राहिलो होतो. मंग पोट्टं म्हणते, बाबा, चाकं लोखंडाची, आसही लोखंडाचा, दोन्ही रूळ तुम्हीच जोडून देऊन राहिले ना!

तयार चाकांत एका बाजूले आस अन् चाकाच्या मधात नायलॉनचं बुश असते, हे मले कोणी सांगितलंच नव्हतं. पुन्हा गेलो. दर जोडीतलं एक चाक बोअर करून नायलॉन ठोकलं. तरी रूळ फुटते तिथल्या काट्यावर गाडी चढे. पाहतो तं दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर पाहिजे ४० मिलिमीटर, अन् टर्नरनं केलं होतं ४२. सगळं मिळून तेराशे अन् तीन रविवार गेले. स्वस्त पडलं, पण फुकट नाही पडलं बाप्पा.

एकास_बावीस

चाकं, चाकं, चाकं. डबा कशाचा आहे ते कुणी बघणार का?

रूळ एकच, ४५ चा, पण त्यावर चार-पाच प्रमाणं धावतात. लेमान कंपनीने १९६८ साली एलजीबी या नावाने गाड्या आणल्या त्या १:२२.५ मध्ये (खऱ्याच्या साडेबाविसाव्या भागाएवढ्या), कारण मीटरगेजला साडेबावीसने भागलं की ४४.४ येतात. १,४३५ च्या स्टँडर्ड गेजला १:३२ बरोबर बसतं. पण अमेरिकन मालडबे बरेचसे १:२९ मध्ये निघाले. त्यांना खरं तर साडेएकोणपन्नास मिलिमीटरचा रूळ हवा. तुम्ही त्यांना ४५ वर उभं करता, म्हणजे धिप्पाड माणसाला मुलाचे बूट.

गंमत अशी की तोच ४० फुटी डबा १:३२ ला ३८ सेंटिमीटर होतो आणि १:२९ ला ४२. शेजारी ठेवले की गिऱ्हाईक मोठा उचलतं आणि म्हणतं, पैसा वसूल. प्लास्टिकची चाकं मी सहन करीन, उद्या बदलता येतील. प्रमाण कसं बदलणार?

बर्डीकर

दहा फुटांवर खुर्ची टाकून बघणाऱ्याला साडेचार मिलिमीटर दिसत नाहीत हो. मला तरी दिसत नाहीत.

एकास_बावीस

चष्मा बदला.

मोतीबाग_७६२

एकास_बावीस यांचं गणित आपल्या घरच्या गाड्यांना लावून पाहा. आपलं ब्रॉडगेज १,६७६, म्हणजे ४५ च्या रुळाला १:३७ हवं. नागपूर-नागभीडची आपली छोटी गाडी ७६२ ची, २०१९ मध्ये बंद झाली ती. तिला १:१७. मला तरी बाजारात या प्रमाणात आपला एकही डबा मिळालेला नाही. म्हणून मी मोतीबागेच्या नॅरोगेज संग्रहालयात टेप आणि वही घेऊन जातो आणि घरी बनवतो. किंमत की दर्जा हा प्रश्न मला दुकानात पडतच नाही, थ्रीडी छपाईच्या यंत्रासमोर पडतो.

पहिला डबा पीएलए या प्लास्टिकमध्ये छापला, कारण रीळ स्वस्त. तीन रात्री यंत्र चाललं. खिडक्यांच्या गजांसकट इतका सुरेख निघाला की आईने तो देवघराशेजारी ठेवला होता. मे महिन्यात दुपारी जेवायला खाली उतरलो आणि डबा गच्चीवर विसरलो. चारला वर गेलो तर मधला भाग झोळीसारखा खाली आलेला, खिडक्या वितळल्या नव्हत्या पण सगळ्या तिरक्या, जणू डबा हसतोय. पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. नागपूरची हवा ४५ वर असताना उन्हातलं गडद छत किती तापत असेल ते तुम्हीच बघा. आता एएसएमध्ये छापतो. ते शंभराच्या आसपास जाईपर्यंत आकार धरून राहतं, उन्हाने तितकं खराबही होत नाही. रीळ महाग आहे, छापायलाही किरकिर आहे. पण पहिला डबा आता काड्यापेट्या ठेवायच्या कामाला येतो, तो खर्च कुठे धरू?

गार्डसाहेब, उलटा जरूर करा. पण आधी प्लास्टिक कोणतं ते विचारा. पुण्यात चालेल तो डबा इथे चालेलच असं नाही.

गच्चीवरचा गार्ड

हे पटलं. रुळाचं तर याहून वाईट. दहा मीटर पितळी रूळ डिसेंबरच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत ५० अंशांनी तापला तर साडेनऊ मिलिमीटर वाढतो. सांध्यात फट ठेवली नव्हती तेव्हा माझा अख्खा पट्टा नागासारखा वळला होता. पण तो वेगळा धागा होईल.

वळणवाली

महागाचा फटकाही ऐका. माझ्याकडे एक लांब डबा आहे, माझ्या ताफ्यातला सगळ्यात महाग. पोटाखाली ब्रेकचे पाइप, दांड्या, साखळी, एकेक तुकडा वेगळा बसवलेला. उलटा करून बघायचा म्हटलात तर गार्डसाहेब, तुम्ही दहापैकी दहा द्याल.

माझी गच्ची १० बाय १४ फूट. वळण ६० सेंटिमीटर त्रिज्येचं. या डब्याचं कपलिंग (डबे जोडायचा आकडा) बोगीला, म्हणजे खालच्या फिरत्या चाकांच्या गाड्याला, नाही; खऱ्या गाडीसारखं सांगाड्याला लावलेलं. वळणावर डब्याचं टोक बाहेर झुकतं, त्याबरोबर कपलिंगही, आणि शेजारचा डबा रुळावरून ओढला जातो. पहिल्याच फेरीत हे झालं, वर वळणाऱ्या बोगीने तो नाजूक पाइप मोडला. त्याच वळणावरून माझा स्वस्तातला डबा, कपलिंग बोगीला लावलेलं, आरामात जातो. उलट्या दिशेने ढकलताना तोच आधी घसरतो, हेही खोटं नाही. पण मी ढकलते कितीदा?

महागडा आता काचेच्या कपाटात आहे. पाहुणे कौतुक करतात.

परतीची_गाडी

"महाग घ्या, निदान सुटे भाग मिळतील" असं इथे कुणी तरी म्हणणारच, म्हणून आधीच लिहितो. एलजीबीची मूळ कंपनी २००६ मध्ये दिवाळखोरीत गेली, २००७ मध्ये मार्कलिनने ती घेतली आणि २००९ मध्ये मार्कलिननेच दिवाळखोरीचा अर्ज केला. तरी नाव टिकलं, माल येतो. १:२९ वाली ॲरिस्टोक्राफ्ट २०१३ मध्ये बंद झाली. नावावर जाऊ नका, हाताशी असलेल्या टर्नरवर जा. खरादवाले भाऊंचा नंबर मला व्यक्तिगत निरोपात मिळेल का?

ओटा_माझा

ज्या वहिनींनी डबा झेलला ती मीच. हे मला धागा वाचून दाखवत होते, म्हणून खाते उघडले.

आमच्या ओट्याला सिंककडे उतार आहे, पाणी निथळावं म्हणून. तुम्ही नवा डबा गॅसच्या बाजूला ढकलला आणि जुना सिंकच्या बाजूला. मी बघत होते. तेव्हा बोलले नाही, कारण चौघांचं भांडण रंगात आलं होतं आणि मला पोह्यांची कढई घासायची होती. ओट्यावर पुन्हा चाकं दिसली तर तर्री बंद.

एकास_बावीस

गार्डसाहेब, लाल झेंडी!

गच्चीवरचा गार्ड

वहिनी, चूक कबूल. तर्री बंद करू नका.

काल रात्री प्रयोग नीट केला. मीटरभर रूळ फळीवर ठोकला, फळी पाणसळीने सपाट केली, मग एक टोक हळूहळू उचलत गेलो, डबा आपणहून सुटेपर्यंत. टोक किती उचललं ते पट्टीने मोजलं. प्रत्येक डबा पाच वेळा, दोन्ही दिशांनी. नवा ३२ मिलिमीटरला सुटला. जुना १४ ला. मग बर्डीकरांकडून त्यांची चाकं उसनी आणून नव्यात घातली, तर १९.

म्हणजे फरक खरा होता, ओट्याने तो फुगवला. आणि त्यातला बराचसा १,६०० रुपयांत मिटतो, हेही खरं. बर्डीकर, तुमचं मान्य. 'तीनऐवजी एक' मागे घेतो. पण उलटा करून पाहणं मागे घेत नाही. ऑनलाइन विकणाऱ्या तिघांना मी या आठवड्यात पोटाखालचा फोटो मागितला. एकाने पाठवला, दुसऱ्याने डब्याचा तोच बाजूचा फोटो पुन्हा पाठवला, तिसरा म्हणाला, "काका, घ्यायचा आहे की नाही?" पाठवला त्याच्याकडून घेतोय.

राहिलेले पाच मिलिमीटर त्या सैल भोकाचे असावेत असा माझा अंदाज आहे. खरादवाले भाऊ, हिंगण्याला जाल तेव्हा आतून ३ मिलिमीटरची आठ पितळी बुशं काढून आणाल का? पैसे आगाऊ देतो, चहापाण्याचे वेगळे.

खरादवाला

हाव, आणतो ना. पण आसाचं माप कागदावर लिहून फोटो टाका, फोनवर सांगू नका. मागच्या बारीचे ४२ माह्या ध्यानात आहेत.