मदत हवी आहे: फ्लाय बांधायला घरात कायमची जागा

नमस्कार मंडळी. मी डेन्व्हरला राहतो, साउथ प्लॅट नदीवर ट्राउट मासे पकडायला जातो. आजवर जेवणाच्या टेबलावरच फ्लाय (गळावर पिसं-केस दोऱ्याने गुंडाळून केलेलं किड्यासारखं आमिष) बांधायचो. पण लेक रांगायला लागलीय आणि परवा गालिच्यात २२ नंबरचा गळ सापडला, तांदळाच्या दाण्याएवढा. काळजात धस्स झालं. म्हणून दार लावता येईल अशा खोलीत ४ फुटी टेबल टाकतोय.

टेबलाची कड जाड आणि गोल आहे, वाइसचा (बांधताना गळ धरून ठेवणाऱ्या शिकंज्याचा) क्लॅम्प बसतच नाही. जड बैठकीचा वाइस घ्यावा की कडेला सपाट फळी ठोकावी? हरणाचे केस कापले की हीटरच्या वाऱ्याने खोलीभर उडतात, त्याला काय करता? आणि कोंबड्याच्या पिसांना कसर लागू नये म्हणून झिपच्या पिशव्या पुरतात का? तुमच्या टेबलाचे फोटो टाकलेत तर फार उपयोग होईल.