‘रक्तात पू’ की सेप्सिस? आणि ‘सेप्सिस पॉझिटिव्ह’ म्हणावं का?

प्रश्न : मामा कोथरूडच्या एका रुग्णालयात आयसीयूत आहेत. डॉक्टर सेप्सिस म्हणतात; मामी फोनवर सगळ्यांना ‘रक्तात पू झालाय’ सांगते. पीसीटी (संसर्गाचा अंदाज देणारी रक्तचाचणी) ८.४ आली, तर एक नातेवाईक म्हणाले, ‘म्हणजे सेप्सिस पॉझिटिव्ह’. यातलं बरोबर काय?

उत्तर : मामांना लवकर उतार पडो. मी पुण्यातच लॅबमध्ये आहे, हे शब्द रोज काउंटरवर कानावर पडतात.

जखम ‘सेप्टिक झाली’ म्हणजे चिघळली, पू धरला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही कुजणं असाच. पण २०१६ च्या व्याख्येत सेप्सिस म्हणजे जंतुसंसर्गाला शरीराने दिलेला बेताल प्रतिसाद आणि त्यातून अवयव निकामी होऊ लागणं. रक्तात जंतू सापडलेच पाहिजेत असंही नाही. त्यामुळे ‘रक्तात पू’ नकोच. सेप्सिससाठीचा ‘पूतिता’ हा मराठी शब्दही पुन्हा कुजण्याकडेच नेतो. सरळ ‘सेप्सिस’ म्हणावं.

‘सेप्सिस पॉझिटिव्ह’ला मात्र माझा ठाम विरोध आहे. पॉझिटिव्ह-निगेटिव्ह डेंगीच्या चाचणीला ठीक. पीसीटी, म्हणजे प्रोकॅल्सिटोनिन, हे मोजमाप आहे. निरोगी माणसात ती साधारण ०.१ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असते. जिवाणूंचा गंभीर संसर्ग झाला की काही तासांत चढते, आटोक्यात आला की दिवसागणिक साधारण निम्मी होत उतरते. पण मोठं ऑपरेशन, भाजणं, अपघातातला जबर मार यांनंतरही ती चढते, आणि सेप्सिसच्या सुरुवातीला कमीही असू शकते. सीआरपी ही दुसरी रक्तचाचणी तर कुठल्याही दाहात, म्हणजे सूज-जळजळीत, वाढते. म्हणूनच २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात की अँटिबायोटिक कधी सुरू करायचं हे पीसीटीवर ठरवू नका; थांबवताना मात्र तिचा आधार घेता येतो.

तेव्हा ‘पीसीटीने सेप्सिसचं निदान झालं’ असं न म्हणता ‘पीसीटी वाढलीय, सेप्सिसची शंका बळावलीय’ म्हणावं. निदान करतात डॉक्टर, रक्तदाब, श्वास, लघवीचं प्रमाण, रुग्ण शुद्धीवर आहे का, लॅक्टेट (अवयवांवरचा ताण दाखवणारी रक्तचाचणी), कल्चर (नमुन्यात जंतू वाढतात का ते बघणं) असं सगळं मिळून बघून.

आणखी एक प्रश्न : बायोमार्करला, म्हणजे पीसीटी-सीआरपीसारख्या आजार सुचवणाऱ्या मोजमापांना, ‘जैवचिन्हक’ चालेल?

उत्तर : छापील लेखात चालेल. बोलताना ‘दर्शक’ सोपा. ‘दर्शक वाढला’ म्हटलं की ऐकणारा आपणहून विचारतो, कशाचा? तो प्रश्न पडायलाच हवा.

मूळ प्रश्नकर्ता : मामीला काय सांगू?

उत्तर : ‘इन्फेक्शनमुळे किडनी-फुप्फुसांवर ताण आलाय’, किंवा डॉक्टरांनी जो अवयव सांगितला असेल तो. उद्या पीसीटी पुन्हा केली तर शक्यतो त्याच लॅबमध्ये करा आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवून डॉक्टरांना विचारा.